बांधलेली पिशवी उघडू नये

६ फेब्रुवारी २००६, सोमवार

डॉक्टरांनी आज मला 'वेस्ट इनचार्ज' केलं. स्टोअर, रजिस्टरं आणि लाइटबिल माझ्याकडे होतंच, आता कचराही. नर्स मंडळी हसली. एकीने तिथल्या तिथे 'कचरासाहेब' म्हणून टाकलं. म्हणू देत. पिरंगुटात येऊन दोन वर्षं झाली, 'विभूते' असं पूर्ण आडनाव अजून कुणाला नीट घेता येत नाही, निदान हे तरी लक्षात राहील.

दिवसभर भिंतीवर तक्ते चिकटवले. पिवळी पिशवी: रक्तामांसाचं. लाल: नळ्या, सलाईन, हातमोजे. पांढरा डबा: सुया. काळी: साधा कचरा. खाली मोठ्या अक्षरात माझी स्वतःची भर: बांधलेली पिशवी उघडू नये. पुण्याहून गाडी दिवसाआड येणार आणि पिशव्या भट्टीत जाळायला नेणार. तोवर त्या मागच्या खोलीत, कुलपात. किल्ली माझ्या करदोड्याला. (हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.)

९ फेब्रु., गुरु.

पिशव्या उचलायचं काम हौसाबाईकडे. (यापुढे हौ.) भरे गावची, पन्नाशीची, हॉस्पिटल उघडल्यापासून इथे झाडलोट करते. वाचता येत नाही, पण रंग एका दिवसात पाठ. नर्सबाईने कापूस काळ्या पिशवीत टाकला तर हौ. मला खुणेने दाखवते, तोंडाने बोलत नाही. राजकारण कळतं तिला.

दुपारी दारात येऊन रोज विचारते, "सायेब, जेवला का?" उत्तराला थांबत नाही, पुढे जाते. पण विचारते.

१५ फेब्रु., बुध.

सुया जाळायचं मशीन विजेवर चालतं आणि वीज सकाळी दहाला जी जाते ती दोनला येते. तोवर सुया ट्रेमध्ये पडून. आज एक सुई चक्क खिडकीत सापडली. नर्सना चांगलं झापलं. "लाइट नाही तर आम्ही काय करू, साहेब?" म्हणाल्या. पांढरा डबा आहे ना, म्हटलं, त्यात टाका. "तो भरला." नवीन डबा मागवायचं काम कुणाचं? माझं.

१९ फेब्रु., रवि.

सुट्टी. खोलीवर. आज बोललेले शब्द: दूधवाल्याला "अर्धा". बस.

२१ फेब्रु., मंगळ.

आज जे झालं ते रजिस्टरात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

सकाळी उरवड्याच्या एका सुनेची डिलिव्हरी झाली, मुलगा. वार नेहमीप्रमाणे पिवळ्या पिशवीत, पिशवी बांधून खोलीत. अकराच्या सुमारास तिची सासू आली. हातात मातीचं गाडगं, हळदकुंकवाची पुडी. थेट माझ्यापाशी. "कचऱ्याचं सायेब तुमीच न्हवं? माज्या नातवाची वार द्या. घरी न्हेऊन पुरायची हाय."

नियम सांगितला. तक्त्यापाशी नेऊन दाखवलाही. "मला काय वाचता येतंय व्हय," म्हणाली. मग विचारलं, "तुमी काय करता तिचं?" जाळतात, म्हटलं, पुण्याकडे. ती माझ्याकडे बघत राहिली. "जित्या पोराची वार जाळत्यात? अन राख कुटं टाकत्यात?" मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

गेटपाशी जाऊन बसली. भांडली नाही, रडली नाही. गाडगं मांडीवर घेऊन बसून राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाऱ्यांना हाकलता येतं.

उदगीरला आमचं मूल मेलेलंच जन्मलं. नर्स कापडात गुंडाळून घेऊन गेली. कुठे नेलं, मी विचारलं नाही. सुमनने शुद्धीवर आल्यावर विचारलं, "कुठं ठेवलं तुम्ही?" मला सांगता आलं नाही. ती माहेरी गेली ती गेलीच. सात वर्षं झाली. म्हातारीकडे बघून हेच सगळं वर आलं.

दीड वाजता कुलूप काढलं. हौ.ला म्हटलं, "ती वार काढून द्या त्यांना."

"सायेब, उघडू नगा म्हून तुमीच लिवलंय न्हवं?"

"मी सांगतोय ना."

तिने गाठ सोडली, हात घातला. हातमोजे पातळ, नेहमीचेच, जाडे आणायचे राहिलेत. "आयो," म्हणाली, अगदी हळू. हात बाहेर काढला तर बोटात सुई. टोपणाशिवाय. लाइट नव्हता, डबा भरलेला, कुणीतरी दिली पिवळ्यात टाकून. उपटून काढली, पुन्हा हात घातला आणि वार काढून दिली. म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

सुई आतच टाकून पिशवी परत बांधली. चारला गाडीत गेली.

२२ फेब्रु., बुध.

तक्त्याच्या शेजारी मीच लावलेला दुसरा कागद: सुई टोचल्यास लगेच साबणाने धुवावे. डॉक्टरांना सांगावे. रजिस्टरात लिहावे. औषध दोन तासांत, उशिरात उशिरा तीन दिवसांत.

पहिलं केलं. बाकी नाही. लिहायचं तर पिशवी कुणी उघडायला लावली तेही लिहावं लागेल. अधिकार मिळून सोळा दिवस झाले.

हौ.ला विचारलं, दुखतंय का. "काय न्हाई वं. कांदे खुरपताना याच्यापरीस जास्त टोचतं." अशा सुईतून एड्स, कावीळ होऊ शकते, हे तिला सांगितलं नाही. घाबरेल, असं मनाला सांगितलं. घाबरलो होतो मी.

सुई त्या उरवड्याच्या सुनेची असती तरी ठीक होतं, तिचे रिपोर्ट फाइलला आहेत, सगळे चांगले. पण त्या सकाळी ओपीडीत कितीतरी इंजेक्शनं झाली. सुई कुणाची, कसं कळणार? आता तर ती जळूनही गेली.

२४ फेब्रु., शुक्र.

दीड वाजला. तीन दिवस पूर्ण झाले. घड्याळाकडे बघत बसलो होतो, डॉक्टर वरच्या खोलीतच होते. वर जायला चौदा पायऱ्या.

हौ. येऊन म्हणाली, "सायेब, जेवला का?" जेवलो म्हटलं. खोटं.

८ मार्च, बुध.

पंधरा दिवस झोप नाही. आज सांगितलं डॉक्टरांना. पण कसं सांगितलं ते लिहितो, इथे तरी खोटं नको. म्हटलं, "सर, हौसाबाईला सुई टोचली होती, पिवळी पिशवी उघडताना."

"उघडताना? उघडली का तिने?"

इथे मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी खाली बघितलं आणि त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

"आधीच इन्स्पेक्शन तोंडावर आहे. विभूते, रजिस्टरला एंट्री घाला. आणि बाईला बंद करा. उद्या दुसरं काही झालं तर आपल्यावर येईल. तिच्या टेस्ट बाहेरून करून घ्या, आपल्या नावावर नको."

घातली एंट्री. 'कर्मचाऱ्याने नियम मोडून बांधलेली पिशवी उघडली.' सही. अक्षर छान आलं.

९ मार्च, गुरु.

हौ.ला सांगायचं कामही माझ्याकडेच. मागच्या दाराशी सांगितलं, डॉक्टर म्हणतात उद्यापासून येऊ नका. "का वं? माजं काय चुकलं?" सुई टोचली म्हणून, म्हटलं. तिला पटेना. "टोचली मला, अन काडलं बी मलाच?"

मग टेस्टचं सांगितलं, रोगांचं पण. तीनदा रक्त द्यावं लागेल: दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. पौडच्या लॅबमध्ये, मी घेऊन जाईन. खूप वेळ बोटाकडे बघत होती. "घरी नगा बोलू कुनाला," एवढंच म्हणाली. झाडू जागेवर ठेवला, मोजे लाल पिशवीत टाकले. बरोब्बर लालच.

१७ मार्च, शुक्र.

नवी बाई आली. कामाला ठीक आहे. काळ्यात कापूस. मला कुणी खूण करत नाही, आपलं आपण शोधतो.

३० मार्च, गुरु.

पाडवा. खालच्या घरमालकांनी श्रीखंडाची वाटी पाठवली, वाटी परत देताना काय घालून द्यावं कळेना, साखर घातली. मग तासभर वाटलं, साखर चालते की नाही. सुमनला विचारता आलं असतं. फोन लावला, तिच्या भावाने उचलला, मी ठेवून दिला.

४ एप्रिल, मंगळ.

दीड महिना. हौ. पौडच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी, लग्नाला निघाल्यासारखं ठेवणीतलं लुगडं नेसून. सुनेला सांगितलं होतं तहसीलला काम आहे म्हणून. लॅबमध्ये सुई बघून तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

संध्याकाळी रिपोर्ट. दोन्ही निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे चांगलं, हे तिला चार वेळा सांगावं लागलं. "मग झालं की." नाही, म्हटलं, अजून दोनदा. रोग लपून बसलेला असू शकतो. "तुमाला बरं एवडं समदं म्हाईत," म्हणाली. कौतुकाने म्हणाली, त्याचाच त्रास झाला.

तिला आता भरे फाट्याच्या एका कारखान्यात कॅन्टीनचं काम मिळतंय. भांडी घासायची. पण तिला प्रश्न पडलाय: आपल्या रक्तात काही असलं तर लोकांच्या ताटांना हात लावावा का. भांड्यांनी काही होत नाही, म्हटलं, खुशाल जा. तरी ती म्हणाली, सहा महिने होऊ द्या, मग बघू. म्हणजे सहा महिने काम नाही. माझ्यामुळे.

१४ एप्रिल, शुक्र.

सुट्टी. आज बोललेले शब्द: एकही नाही. चहावाल्याला नुसतं बोट दाखवलं, तो समजला.

२ मे, मंगळ.

इन्स्पेक्शन झालं. साहेबांनी रजिस्टर चाळलं, ती एंट्री वाचली, म्हणाले, "कारवाई केलीत? गुड." डॉक्टर खूश. मला वरच्या खोलीत बोलावून पेढा दिला. मुठीतच ठेवला. खाली येऊन टाकला, काळ्या पिशवीत.

२२ मे, सोम.

तीन महिने. काल रविवार, लॅब बंद, म्हणून आज. रक्त दिलं, रिपोर्टला दोन तास होते. स्टँडवरच्या बाकावर बसलो. ऊन मरणाचं. हौ.ने फडक्यातून भाकरी काढली, लसणाची चटणी. अर्धी मला दिली. "खावा. वाळलाय तुमी."

तो घास हातात असतानाच सांगितलं. रजिस्टरात काय लिहिलंय ते. तिने नियम मोडला असं लिहिलंय. आणि ते मी लिहिलंय.

"डाक्टरनं लिवाया लावलं?"

एंट्री घाला म्हणाले, मी म्हटलं. काय घालायची ते माझं मी लिहिलं.

"तुमी? तुमच्या हातानं?" समोर मुळशीची गाडी लागली, भरली, गेली. "मी मनात म्हनायची, विभूते सायेब लई चांगला मानूस, मला चार पाच कोस रगत तपासाया न्हेतो. माज्यावर आळ घातला अन वर माजी भाकर खाता?"

माझी चूक झाली, म्हटलं.

"मला नगा सांगू. जितं लिवलं तितं सांगा."

उठली. भाकरी तशीच बाकावर. गावाकडच्या सिक्स सीटरमध्ये बसून गेली, रिपोर्टलाही थांबली नाही. रिपोर्ट मी घेतला. निगेटिव्ह. कुणाला सांगू?

२९ मे, सोम.

भरे गावात गेलो होतो रिपोर्ट द्यायला. तिची सून बाहेर आली. आत्याबाई रानात गेल्यात, म्हणाली. आत बांगड्या वाजल्या. कागद सुनेकडे देण्यासारखा नव्हता. "सगळं चांगलं आहे एवढं सांगा," म्हटलं आणि परतलो. चालतच आलो पिरंगुटापर्यंत.

१२ जून, सोम.

तीन आठवडे रोज रजिस्टर उघडतो, ८ मार्चचं पान काढतो, मिटतो. आज लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही, खाली लिहिलं: 'पिशवी मी, विभूते, वेस्ट इनचार्ज, याने उघडायला लावली. हौसाबाईने मला नियमाची आठवण करून दिली होती. सुई टोचल्याचे मी पंधरा दिवस लपवले. त्यामुळे औषधाची वेळ गेली.' तारीख आजची घातली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

मग चौदा पायऱ्या चढून वर जाऊन वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी ते पान स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हे लिहून कुणाचा काय फायदा झाला, विभूते?" हौसाबाईला परत घ्या, म्हटलं. "ते शक्य नाही. आणि तुम्हीही ऑगस्टअखेर दुसरीकडे बघा. माणूस वाईट नाही तुम्ही, पण मला भरवसा राहिला नाही."

खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पान फाडलं असतं. त्यांनी फाडलं नाही.

९ जुलै, रवि.

चार दिवस धो धो. खोलीत पंचा वाळत नाही. उदगीरला परत जावं का? तिथे तरी कोण आहे. इथे दोन वर्षांत एकच माणूस जोडलं होतं आणि त्याचीही ही गत केली. खूप एकटं वाटतं. लिहिल्याने कमी होईल वाटलं होतं, झालं नाही.

२७ जुलै, गुरु.

पिरंगुटच्या बाजारात हौ. दिसली. भाजीच्या ढिगापाशी वाकलेली. मी थांबलो. तिने पाहिलं. मेथीची जुडी उचलली, झटकली, पुन्हा ठेवली आणि दुसऱ्या बाजूने निघून गेली. बारीक झालीय. पावसाळा आहे, बाकी काही नसेल. बारीक होणं हे पण एक लक्षण असतं.

२० ऑगस्ट, रवि.

उद्या सहा महिने. पुन्हा भरेला गेलो. या वेळी हौ. स्वतः ओट्यावर. शेण लावत होती, थांबली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं: उद्या शेवटची तपासणी, हे झालं की सुटलात. आणि रजिस्टरात काय लिहिलं ते सांगितलं, शब्द न शब्द. डॉक्टरांनी काय म्हटलं तेही.

"मंजी तुमाला बी काडलं."

हो म्हटलं.

ओटा पुरा सारवला. मग हात धुतले. "धाच्या गाडीला येती," म्हणाली.

२१ ऑगस्ट, सोम.

रक्त दिलं. आज तिने तोंड फिरवलं नाही, सुईकडे बघत होती. लॅबवाला म्हणाला, रिपोर्ट उद्या दुपारी, लाइटचा भरवसा नाही. बाहेर येऊन दोघं उभे. भाकरी नव्हती आणली. मी आणलेली केळी मला पिशवीतून काढवेनात.

गाडीत चढताना म्हणाली, "उद्या मी न्हाई यायची. घरच्यांनी इचारलं तर काय सांगू? तुमीच घिऊन या रिपोट. पर वाचू नगा आदी. माज्या म्होरं वाचा."

बरं, म्हटलं.

कंडक्टरने दोरी ओढली. ती खिडकीतून वाकली. "चांगला असला तर या. वाईट असला तरी या."

गाडी गेल्यावर बराच वेळ तिथेच उभा होतो. एका माणसाने विचारलं, काका, कुठं जायचंय?

२२ ऑगस्ट, मंगळ.

भरे, तिच्या ओट्यावर बसून लिहितोय. वही बरोबर आणली होती, वेळ जावा म्हणून.

लॅबवाल्याने पाकीट देताना माझ्याकडे पाहिलं नाही. याआधी दोन्ही वेळा हसला होता. आज गर्दी होती, हेही खरं. पाकीट पिन मारलेलं, वरच्या खिशात आहे. वाटेत दोनदा हात गेला, काढलं नाही.

सून पाणी देऊन गेली, म्हणाली, आत्याबाई गवताला गेल्यात, यीत्यालच. पोती अंथरून दिली. आता पाऊस थांबलाय. समोर हातभर अंतरावर हिरवं भात आणि पलीकडे कारखान्याची पत्र्याची शेड.

बांधावरून ती येतेय. डोक्यावर भारा आहे, त्यामुळे मान हलवता येत नाही, पण मला पाहिलं असणार. चाल वाढवली नाही, कमीही केली नाही. पाकीट खिशातून काढून हातात धरलंय, तिला लांबून दिसावं म्हणून, की मी आलोय.